थंडाव्याचा धंदा आणि मंदीचा चटका



गाळप हंगाम उतरणीला लागला की आमच्या ऊस विकास विभागाच्या दारात दोन तऱ्हेची माणसं उभी राहतात. पहिली तोडणीची तक्रार घेऊन येतात. टोळी आली नाही, उसाला तुरे आले, वजन घटतंय, पाण्याची पाळी द्यावी की नाही. हे आमच्या खात्याचं काम, त्याचं उत्तर आम्ही देतो. दुसरी माणसं मात्र गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहतात आणि शेवटी हळूच म्हणतात, "साहेब, पोट्ट्याले कुठं तरी चिकटवून द्या ना जी."

याचं उत्तर सोपं नाही. वाटण्या होऊन होऊन शेत दोन-अडीच एकरावर आलं आहे. घरात दोन मुलं. एक बारावी होऊन बसलेला, दुसरा आयटीआयचा फॉर्म भरावा की कॉलेजला जावं या विचारात. बापाच्या मनात एकच, की नोकरी पक्की पाहिजे. मंदी येवो की दुष्काळ पडो, पहिल्या तारखेला पैसा हातात आला पाहिजे. अशी नोकरी आपल्या कारखान्यात प्रत्येक घराला देता येत नाही हे सभासदांना ठाऊक आहे. कारखाना आपलाच, त्याचा ताळेबंद वार्षिक सभेत आपणच मंजूर करतो.

म्हणून या अंकात बेणे, खत, लागवड बाजूला ठेवून एका वेगळ्याच धंद्याविषयी लिहायचं आम्ही ठरवलं. धंदा उष्णतेचा आणि थंडाव्याचा. कूलर, फ्रीज, एसी, शीतगृह एका बाजूला. गिझर आणि बॉयलर दुसऱ्या बाजूला. बाजार मंदावला की या धंद्यातल्या माणसाचं काय होतं? त्याची भाकर टिकते का, आणि टिकते तर कशामुळे? उत्तर शोधायला फार लांब जायचं कारण नाही. उमरेड रोडने नागपुरात शिरलं की दिघोरी आणि ताजबाग मागे टाकून सक्करदरा लागतो. तिथलं उदाहरण आपल्याला पुरेसं आहे. नावात सक्कर आहे म्हणून साखर कारखान्याच्या माणसाने सक्करदरा निवडला, असं मात्र कुणी समजू नये!

पक्की नोकरी कशाला म्हणायची?

आधी 'पक्की' या शब्दाचा हिशेब करू. नागपूरच्या जुन्या माणसाला विचारा, शहरात पक्की नोकरी कोणती होती? तो एम्प्रेस मिलचं नाव घेईल. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी सुरू केली. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा राखावा लागतो. त्यासाठी लागणारी यंत्रं देशात सर्वांत आधी बसवणाऱ्या गिरण्यांत एम्प्रेसची गणना होते. म्हणजे हवा ओली आणि सोसेल अशी राखण्याचं काम नागपूरला शंभर वर्षांहून जुनं आहे. बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू त्याच खात्यात लागावा, अशी लोकांची त्या गिरणीवर भिस्त. ती गिरणीसुद्धा १९८६ साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आहे. गिरणीची हवा राखायला माणूस लागत होता, मॉलची हवा राखायलाही लागतो. मालक बदलला, इमारत बदलली, काम राहिलं. फक्त ते काम ज्याच्या हातात होतं, तोच पुढच्या दारात उभा राहू शकला असता. नुसता हजेरीपटावर नाव असणारा घरी बसला.

आपल्या साखर धंद्याचंही वेगळं नाही. राज्यात २०२३-२४ च्या हंगामात सुमारे ११० लाख टन साखर झाली, ती २०२४-२५ मध्ये सुमारे ८१ लाख टनांवर उतरली. ऊस कमी म्हणजे हंगाम आखूड, हंगाम आखूड म्हणजे हंगामी कामगाराच्या पगाराचे दिवस कमी. विदर्भात तर किती सहकारी कारखान्यांची धुराडी कायमची थंड झाली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा पक्की नोकरी म्हणजे मोठ्या फाटकाच्या आतली नोकरी, ही समजूत सोडलेली बरी.

सक्करदऱ्याचा उन्हाळा

सक्करदरा म्हटलं की नागपूरकराला भोसल्यांचा वाडा, तलाव आणि ताजुद्दीन बाबा आठवतात. पागलखान्यातून १९०८ साली बाहेर पडल्यावर बाबांचा मुक्काम राजे रघुजीराव भोसल्यांच्या सक्करदऱ्याच्या वाड्यात झाला, आणि त्यांचं देहावसान १७ ऑगस्ट १९२५ रोजी झालं. आज तो सगळा परिसर दाट वस्तीचा आहे. चौकाच्या चहूबाजूंनी दुकानं, गल्ल्यांत एकाला एक लागून घरं. उन्हाळ्यात त्या गल्लीतून चाललं की घराघराच्या खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर बसवलेला दिसतो.

नागपूरला कूलर ही चैन राहिलेली नाही. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकारच उन्हाळा आला की पचमढीला उठून जायचं. जे मागे राहत ते दारं-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारत. कूलर म्हणजे त्याच ताटीला पंखा आणि पंप जोडलेला. तत्त्व आपल्या माठाचंच. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, ती ते पाणी हवेतून ओढून घेतं आणि हवा गार होते. मात्र हवा कोरडी हवी. मृगाच्या सरी आल्या, हवेत दमटपणा भरला, की कूलर नुसता ओला वारा फेकतो. म्हणून कूलरचा हंगाम होळीपासून मृगापर्यंत, फार तर साडेतीन महिने.

ही मुदत नीट ध्यानात ठेवा. उसाच्या हंगामाशी तिचं काय नातं आहे, ते पुढे सांगतो.

एका कूलरवर किती जणांचं पोट?

बाहेरून पाहणाऱ्याला सगळे कूलरवालेच वाटतात. जवळून पाहिलं तर त्यांत चार-पाच वेगवेगळी माणसं आहेत, आणि मंदी प्रत्येकाला वेगळी लागते.

पहिला पत्र्याचा कारागीर. हा हिवाळ्यात कामाला लागतो. गॅल्व्हनाइझ्ड पत्रा आणून कापणं, वाकवणं, टाकी जोडणं, रंग देणं. त्याचा पैसा डिसेंबरात अडकतो आणि एप्रिलात सुटतो. दुसरा दुकानदार, जो या कारागिराकडून किंवा कंपनीकडून माल घेतो आणि बराचसा उधारीवर विकतो. तिसरा मोटर वाइंडिंगवाला. जळालेल्या मोटरची तार काढून नवी भरतो. कूलरच्या पंख्याची मोटर असो, आटाचक्कीची असो की शेतातल्या पंपाची. चौथा दुरुस्तीवाला मिस्त्री, सायकलवर नाही तर मोटारसायकलवर थैली अडकवून घरोघरी फिरणारा. आणि पाचवी ती हंगामी पोरं, जी दोन-अडीच महिने कूलर धुणं, जुनं वुडवूल काढून नव्या ताट्या भरणं, पंप बदलणं अशी कामं करतात. त्यांत आपल्या खेड्यांतली पोरंही असतात.

फ्रीज-एसीचा मिस्त्री यापेक्षा वेगळा. त्याला कॉम्प्रेसर, गॅस, तांब्याच्या नळीचं ब्रेझिंग हे सगळं यावं लागतं. 'टन' म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उसाची गाडी येते. एसीच्या धंद्यात टनाचा अर्थ वेगळा. सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता तेवढ्या वेळात खोलीतून बाहेर काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचा एसी.

मंदीत खोडवा राखतात

आता मूळ मुद्दा. मंदी आली की सगळ्यात आधी नव्या वस्तूची खरेदी थांबते. घरमालक म्हणतो, यंदा नवा कूलर नको, जुन्यालाच नव्या ताट्या बसवू. एसी घ्यायचा बेत पुढच्या वर्षावर जातो. नवी इमारत अर्धवट उभी राहते, तिच्यात बसवायचे एसी गोदामात राहतात. याचा पहिला फटका दुकानदाराला आणि पत्र्याच्या कारागिराला. ज्यांनी हिवाळ्यात कर्ज काढून माल भरून ठेवला, त्यांना दुहेरी.

दुरुस्तीवाल्याचं मात्र उलट होतं. नवी वस्तू आली नाही म्हणजे जुनी आणखी एक वर्ष ओढायची, आणि जुनी वस्तू ओढायची तर मिस्त्रीला बोलवावंच लागतं.

सभासदांना हे कळायला उदाहरण द्यायचं तर खोडव्याचं. पैशाची ओढ असली की आपण नवी लागण करत नाही, खोडवा राखतो. बेण्याचा खर्च नाही, नांगरटीचा खर्च नाही. पाचट आच्छादून, नांगे भरून, खताची मात्रा देऊन वर्ष काढतो. त्या वर्षी बेणं विकणाऱ्याचा धंदा बसतो, पण नांगे भरणाऱ्याला आणि खतवाल्याला काम राहतंच. मंदीत शहरातला माणूस आपल्या कूलरचा, फ्रीजचा खोडवा राखतो. त्या खोडव्याची मशागत करणारा तो मिस्त्री.

सक्करदऱ्याच्या एका जुन्या कारागिराने हेच आम्हाला दोन वाक्यांत सांगितलं. "नवा कूलर घेनं गिऱ्हाईक पुढं ढकलते जी. पन मे महिन्यात बंद पडलेला कूलर कोनी पुढं ढकलत नाई."

जगातही असंच घडलं. २००८ साली अमेरिकेत घरबांधणी कोसळली तेव्हा नव्या घरांत तापवण्याची-थंड करण्याची यंत्रं बसवणाऱ्यांचं काम गेलं. उभ्या घरांतली यंत्रं चालू ठेवणाऱ्यांना मात्र मागणी राहिली, कारण तिकडच्या हिवाळ्यात भट्टी बंद पडली तर घरात राहता येत नाही. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर रोखीचा बाजार आखडला, तेव्हाही रोखीने मोठी खरेदी करणारं गिऱ्हाईक आधी थांबलं.

अर्थात खोडव्यालाही मर्यादा आहे. तिसरा-चौथा खोडवा राखला की उतारा घसरतो आणि शेवटी नांगर घालावाच लागतो. तसंच यंत्राचं. मंदी लांबली तर दुरुस्तीचं कामही हळूहळू घटतं आणि गिऱ्हाईक मजुरीत घासाघीस करू लागतं. तेव्हा या धंद्याला मंदी लागतच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. ती उशिरा लागते आणि कमी लागते, एवढंच खरं.

दोन उन्हाळे हातचे गेले

याची खरी परीक्षा झाली २०२० साली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. तारीख पाहा. होळी होऊन गेलेली, दुकानदाराने माल भरलेला, कारागिराने हिवाळाभर पत्रा ठोकलेला, आणि नेमका हंगाम उघडायच्या वेळी शटर खाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एक दिवस, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी अशी उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा मृग तोंडावर आला होता. पुढच्या वर्षी तेच. १५ मार्च २०२१ पासून नागपुरात पुन्हा टाळेबंदी, आणि एप्रिलपासून राज्यभर निर्बंध. दोन उन्हाळे सरळ गेले. शेतकऱ्याला दोन खरीप लागोपाठ बुडाले म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

त्या २०२०-२१ च्या वर्षात देशाचं एकूण उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी घटलं. मात्र त्या काळातही थंडाव्याची काही कामं क्षणभर थांबली नाहीत. इस्पितळं चालू होती. दूध गोळा होत होतं, ते चार अंशांच्या आसपास थंड केल्याशिवाय टिकत नाही. शीतगृहांत मिरची पडून होती. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं, तेव्हा लस दोन ते आठ अंशांत राखावी लागे. ज्या आरोग्य केंद्रातला फ्रीज बंद पडेल तिथली लस वाया. त्या दिवसांत फ्रीजचा मिस्त्री डॉक्टरइतकाच महत्त्वाचा होता, फक्त त्याच्यासाठी कुणी थाळी वाजवली नाही.

यातून धडा निघतो तो असा. ज्याला फक्त कूलरच्या ताट्या भरता येत होत्या, तो दोन वर्षं बसला. ज्याला फ्रीज, डीप फ्रीझर, दुधाचा कूलर, शीतगृहाचं यंत्र यांतलं काही येत होतं, त्याला ओढूनताणून का होईना काम मिळालं. धंदा एकच, पण एका माणसाचं गिऱ्हाईक हौसेने खरेदी करणारं आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक गरजेने बोलावणारं.

आभाळाची मंदी

बाजाराच्या मंदीखेरीज या धंद्याला आणखी एक मंदी आहे, ती आभाळातून येते. २०२५ चा मे महिना आठवा. ऐन नवतपाच्या दिवसांत महाराष्ट्रात पाऊस कोसळत होता. मान्सून केरळात २४ मे ला आणि मुंबईत २६ मे ला पोचला. आपण पेरणीच्या धांदलीत होतो. कूलर-एसीच्या दुकानांत मात्र माल तसाच राहिला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, पण तोवर उन्हाळा कधीच सरला होता.

म्हणजे हा माणूसही आपल्यासारखाच आभाळाकडे डोळे लावून बसणारा. आपल्याला पाऊस हवा, त्याला ऊन हवं, इतकाच फरक.

दोन हंगामांची सांगड

आता मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट. कूलरचा हंगाम होळीपासून मृगापर्यंत. आपला गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि शिमग्याच्या आगेमागे संपतो. एक संपतो तिथे दुसरा सुरू होतो! कारखान्याचा हंगामी कामगार एप्रिल-मे महिन्यात रिटेन्शन भत्त्यावर, म्हणजे पगाराच्या थोड्याशा अंशावर, घरी असतो. नेमक्या त्याच दोन महिन्यांत नागपुरात मिस्त्रीला हातांची गरज असते.

वर्षाचं गणित असं मांडता येईल. कार्तिक ते फाल्गुन कारखान्यात. होळीनंतर कूलरची कामं. पावसाळ्यात कूलर उतरवले की त्यांच्या मोटरी वाइंडिंगला येतात. शेतातले पंपही त्याच दिवसांत दुरुस्तीला निघतात. दसरा-दिवाळीला फ्रीज आणि घरातल्या वायरिंगची कामं. थंडी पडली की गिझर. सुरू उसात पहिले अडीच-तीन महिने आपण सरीच्या मोकळ्या जागेत आंतरपीक घेतो, ते ऊस बुडाला तर हाताशी काही असावं म्हणूनच ना? माणसाच्या हातातल्या कसबातही तसं आंतरपीक असावं. ज्याच्याजवळ बारा महिन्यांत तीन कामं आहेत, त्याचं एक बुडालं तरी चूल पेटते.

हंगामी कामगारांनी भत्त्याचे आणि हजर होण्याचे नियम आधी कामगार विभागात विचारून घ्यावेत. हंगामाचा भोंगा झाला की कारखान्याचं काम पहिलं.

उष्णतेची बाजू

थंडाव्यावर बरंच झालं. उष्णतेची बाजू तर आपल्या अंगणातच आहे. साखर कारखाना म्हणजे उष्णता देण्या-काढण्याचंच काम. बगॅस जाळून बॉयलरमध्ये वाफ करायची, तिने रस तापवायचा, आटवायचा, पॅनमध्ये दाणा धरायचा. मग क्रिस्टलायझरमध्ये मॅसेक्विट थंड करायचं, कंडेन्सरचं गरम पाणी फवाऱ्याने गार करायचं. या साखळीत ज्याला कागदावर मान आहे असा कामगार म्हणजे बॉयलर अटेंडंट. त्याला राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन दुसऱ्या आणि मग पहिल्या वर्गाचा दाखला घ्यावा लागतो. १९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा बाष्पके अधिनियम आला, पण जाणकार माणसाशिवाय बॉयलर चालवायचा नाही, हे सूत्र तेच राहिलं.

हा दाखला साखर कारखान्यापुरता नाही. भातगिरणी, दूध संघ, कापड प्रक्रिया, औषध कारखाना, मोठं इस्पितळ, जिथे बॉयलर आहे तिथे तो चालतो. एक कारखाना बंद पडला तरी दाखला बंद पडत नाही. घरगुती गिझरचं कामही याच शाखेतलं, लहान पण नेमाचं. पूर्वी घरोघरी तांब्याचे बंब होते आणि ते सांधणारे तांबट होते. बंब गेले, गिझर आले, सौर बंब आले. आंघोळीला गरम पाणी लागणं काही गेलं नाही.

शिकायचं कुठं आणि काय?

आयटीआयमध्ये प्रशीतन व वातानुकूलन हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. त्याला दहावी पास लागते. नागपूरला श्रद्धानंदपेठेत मोठं शासकीय आयटीआय आहे; तालुक्याच्या आयटीआयमध्ये कोणते व्यवसाय आहेत ते चौकशी करून पाहावं. प्रशिक्षण झालं की १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम करता येतं. काही पालक म्हणतात, मिस्त्रीच्या हाताखाली फुकट शिकतो, दोन वर्षं कशाला घालवायची? त्यांना आमचं उत्तर असं, की मिस्त्रीच्या हाताखाली हात तयार होतो हे खरं, पण या धंद्यात दर काही वर्षांनी गॅस बदलतो. ओझोनच्या थराला धोका म्हणून १९८७ साली माँट्रियल करार झाला. जुन्या फ्रीजमधला आर-१२ वायू २०१० पर्यंत मागे पडला. एसीतल्या आर-२२ वर १ जानेवारी २०२५ पासून नवी यंत्रं बनवणं बंद झालं आणि २०३० पर्यंत तोही जवळजवळ जाणार. आता येणाऱ्या आर-३२, आर-२९० यांसारख्या वायूंना पेट घेण्याचा गुण आहे. ज्याला नुसती नळी जोडता येते आणि वायूचा स्वभाव ठाऊक नाही, तो स्वतःला आणि गिऱ्हाइकाला धोक्यात घालील.

मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने थंडाव्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, त्यात या कामाच्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि दाखला देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. यावरून या कसबाची पुढची गरज लक्षात यावी. मंदीच्या दिवसांत कंत्राटदार माणसं कमी करतो, तेव्हा दाखला नसलेला आधी जातो.

काळी बाजूही सांगितली पाहिजे

धंद्याचे गोडवे गाऊन मोकळं होणं आम्हाला पटत नाही. कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात जीव जातात. पत्र्याची टाकी, त्यात पाणी, खाली ओली फरशी आणि अर्थिंगचा पत्ता नाही. प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नये, अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच असल्याशिवाय कूलर लावू नये, हे घरच्यांना जसं सांगायचं तसं मिस्त्रीच्या पोरालाही. एसीचं बाहेरचं यंत्र दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर भिंतीला लटकलेलं असतं. पट्टा बांधल्याशिवाय तिथे चढणं म्हणजे आत्मघात. ४५ अंशांत गच्चीवर काम करायचं तर पाणी, टोपी, सावली यांची सोय हवी.

दुसरी बाजू पैशाची. पगारपत्रक नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारी पडला की कमाई बंद. पत्र्याच्या कारागिराला आता कंपनीच्या प्लास्टिक कूलरशी टक्कर द्यावी लागते, आणि हप्त्यावर एसी मिळू लागल्यापासून कूलरचं गिऱ्हाईकही तिकडे सरकतं आहे. म्हणून पत्र्यात पैसा गुंतवण्याआधी दहा वेळा विचार करावा. आधी हात तयार करावा, दुकान मग थाटावं.

सभासदांनी काय करावं?

१. मुलाचा कल पाहावा. सायकल, पंप, मिक्सर उघडून बसणारं पोर असेल तर त्याला रागावू नये, आयटीआयचा रस्ता दाखवावा. दहावीचा निकाल लागला की प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन सुरू होतात, तेव्हा धावपळ नको म्हणून जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

२. नुसता कूलर शिकवू नये. कूलर, फ्रीज आणि मोटर वाइंडिंग ही तीन कामं तरी यावीत. त्यांतलं एक काम असं असावं की जे मंदीतही कुणी पुढे ढकलत नाही.

३. पहिल्या दोन-तीन हंगामांत नागपूरच्या एखाद्या मिस्त्रीकडे काम करून गिऱ्हाईक जोडावं. कर्ज काढून माल भरू नये. हंगामात आलेला पैसा पावसाळ्यासाठी वेगळा काढावा. ऊसबिलाचा जसा पुढच्या लागणीसाठी काढतो तसा.

४. असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे, ती करावी. स्वतःचं काम सुरू केलं की उद्यम नोंदणी करावी. कर्जासाठी बँकेत गेलं की असलेच कागद पुढे ठेवावे लागतात.

५. गावातलं काम हेरावं. दूध संकलन केंद्राचा कूलर, आरोग्य केंद्राचा फ्रीज, शेतातले पंप, लग्नाच्या मंडपातले मोठे कूलर. आज यांच्यासाठी मिस्त्री शहरातून येतो आणि त्याच्या येण्या-जाण्याचा भुर्दंड गावाला पडतो. हे काम गावातल्याच पोराने केलं तर त्याला नागपुरात खोली घेऊन राहायचीही गरज नाही.

उसाला भाव किती मिळेल हे आपल्या हातात नसतं, पाऊस कधी पडेल हेही नसतं. पण घरातल्या एका मुलाच्या हातात असं कसब देणं, की जे बाजार बसला तरी लोकांना लागणारच, एवढं तरी आपल्या हातात आहे. यापुढे बाकावर बसून राहणाऱ्या पालकाला आम्ही कारखान्यातली जागा देऊ शकलो नाही, तरी हा अंक नक्की देऊ. तो वाचून काही विचारायचं असेल तर गट कार्यालयात यावं. येताना मुलालाही सोबत आणावं, कारण शिकायचं त्याला आहे.

जाता जाता आमच्या खात्याचं एक. खोडव्याचं पाचट जाळू नका. कुट्टी करून सरीतच राहू द्या, उन्हाळ्यात ओल टिकेल. शेतालाही थंडावा लागतोच.

— ऊस विकास अधिकारी